अप्पासाहेब पंत : औंध ते नैरोबी

औंधचे राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत (१९१२–१९९२) यांचा उल्लेख मराठीत बहुधा वडिलांच्या अनुषंगाने होतो. त्यांचे प्रमुख लेखन इंग्रजीत असल्याने हे स्वाभाविकही आहे. मात्र त्यामुळे त्यांच्या राजनैतिक कारकिर्दीचे मूळ आटपाडी-कुंडलच्या परिसरात आहे, ही गोष्ट नजरेआड होते.

ऑक्सफर्डचे शिक्षण संपवून व बॅरिस्टर होऊन परतलेल्या अप्पासाहेबांनी मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्यासह महात्मा गांधींचे मार्गदर्शन घेतले. ७२ खेड्यांच्या औंध संस्थानात १९३९ च्या जानेवारीत नवी राज्यघटना आली. ग्रामपंचायत हा कारभाराचा पाया ठरला आणि राजाने आपले अधिकार प्रजेच्या स्वाधीन केले. आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूर वसाहतीत गंभीर गुन्ह्यांतील कैदी, भोवती भिंत नसताना, कुटुंबासह शेती करून राहू लागले. (ग. दि. माडगूळकरांनी लिहिलेल्या ‘दो आँखें बारह हाथ’च्या कथेचे बीज येथलेच.) संस्थानातील कुंडल हे पुढे प्रतिसरकारचे केंद्र बनले. १९४८ च्या मार्चमध्ये संस्थान विलीन झाले. गावपातळीवरचे हे स्वराज्य स्वतंत्र भारताच्या लोकशाहीतच विसर्जित व्हावे, हा योग विलक्षण म्हटला पाहिजे.

त्याच वर्षी नेहरूंनी त्यांना ब्रिटिश पूर्व आफ्रिकेत भारताचे आयुक्त म्हणून नैरोबीस पाठविले. तेथील भारतीय समाज गोरे सत्ताधारी आणि आफ्रिकी बहुजन यांच्यामध्ये अडकलेला होता. भारतीयांनी आफ्रिकी जनतेच्या हिताला अग्रस्थान द्यावे, ही नेहरूंची भूमिका. अप्पासाहेबांनी ती कागदावर ठेवली नाही. जोमो केन्याटा यांच्याशी त्यांनी मैत्री जोडली आणि आफ्रिकी विद्यार्थ्यांना भारतीय विद्यापीठांच्या शिष्यवृत्त्या मिळाव्यात म्हणून खटपट केली. १९५२ च्या ऑक्टोबरात केनियात आणीबाणी पुकारली गेली व केन्याटांना अटक झाली. ब्रिटिशांचा अप्पासाहेबांवरील रोष वाढत गेला. त्यांना परत बोलवावे असा आग्रह त्यांनी दिल्लीकडे धरला, आणि १९५४ मध्ये अप्पासाहेबांनी नैरोबी सोडली. त्याच वर्षी त्यांना पद्मश्री मिळाली.

राजदूताच्या रूढ मर्यादा त्यांनी ओलांडल्या, हे मान्य करावे लागते. औंधात सत्ता सोडणारा राजा घरचाच होता. केनियातील सत्ताधारी तसे नव्हते, आणि या अंतराची पुरती जाणीव अप्पासाहेबांना होती असे दिसत नाही. परंतु सत्तांतर राजवाड्याच्या आतून पाहिलेल्या माणसाने तेथे केवळ प्रेक्षक म्हणून राहावे, ही अपेक्षाही अवाजवीच.

पुढे सिक्कीम, इंडोनेशिया, नॉर्वे, इजिप्त व इटली येथे त्यांनी पदे भूषविली. १९६३ च्या डिसेंबरात केन्याटांच्या नेतृत्वाखाली केनिया स्वतंत्र झाला. नैरोबीतून त्यांना हलवू पाहणाऱ्या ब्रिटनमध्येच १९६९ ते १९७२ या काळात ते भारताचे उच्चायुक्त होते.