एरिख सालोमन : मेजवानीत छोटा कॅमेरा नेणारा छायाचित्रकार

लग्नाच्या पंगतीत फोटोवाला समोर आला की काय होतं, ते तुम्ही पाहिलंच असेल. घास हातातच राहतो, आजी पदर सावरते, काका पोट आत घेतात आणि सगळे एकसारखं हसतात. फोटो छान येतो, पण पंगत त्यात सापडत नाही. आजकाल कॉलेजातली मुलं जुन्या बाजारातून रोलचे छोटे कॅमेरे शोधून आणतात आणि वाढदिवसाला, पार्टीला घेऊन जातात. कॅमेरा खिशात मावतो, त्यामुळे माणसं फारशी बुजत नाहीत. ही युक्ती मात्र नवी नाही बरं का! सुमारे शंभर वर्षांपूर्वी एका जर्मन माणसाने आपलं सगळं काम तिच्यावरच उभं केलं. त्यांचं नाव डॉ. एरिख सालोमन.

बालपण आणि शिक्षण

सालोमन यांचा जन्म २८ एप्रिल १८८६ रोजी बर्लिनमध्ये एका श्रीमंत ज्यू कुटुंबात झाला. त्यांनी आधी प्राणिशास्त्र, मग अभियांत्रिकी आणि शेवटी कायद्याचा अभ्यास केला. कायद्यात ते डॉक्टर झाले. १९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले. सालोमन सैन्यात गेले आणि लवकरच फ्रेंचांच्या हाती सापडले. पुढची चार वर्षे कैदेत गेली. तिथे ते दुभाष्याचे काम करू लागले आणि त्यांची फ्रेंच चांगली पक्की झाली. हीच भाषा पुढे मोठमोठ्या दालनांत त्यांच्या कामी आली.

युद्धानंतर जर्मनीत महागाईने कहर केला आणि घरचा पैसा गेला. सालोमन यांनी भाड्याने गाडी देण्याचा धंदा काढला. प्रवासात कायद्याचा आणि पैशाच्या व्यवहाराचा सल्लाही मिळेल, अशी जाहिरात त्यांनी दिली होती असे सांगतात. पुढे उल्स्टाइन या बर्लिनच्या मोठ्या प्रकाशन संस्थेत त्यांना जाहिरात विभागात नोकरी लागली. भिंतींवरच्या जाहिरातींच्या करारावरून तंटे होत. पुरावा म्हणून फोटो काढायला त्यांनी कॅमेरा हातात घेतला आणि तो पुन्हा खाली ठेवलाच नाही. तेव्हा त्यांनी चाळिशी ओलांडली होती.

छोटा कॅमेरा, मोठी वाट

त्या काळी घरात किंवा रात्री फोटो काढणे म्हणजे एक तमाशाच असे. मॅग्नेशियमची पूड पेटवायची, भडका उडायचा, खोलीभर धूर व्हायचा. अशा माणसाला मंत्र्यांच्या बैठकीत कोण बसू देणार?

ड्रेस्डेनच्या एर्नेमान कारखान्याने १९२४ मध्ये एर्मानॉक्स हा लहान कॅमेरा आणला होता. त्याचे भिंग कॅमेऱ्याच्या मानाने खूपच रुंद, त्यामुळे दिव्याच्या उजेडातही फोटो येई. सालोमन यांनी तो घेतला. पण त्यात रोल नव्हता. साडेचार बाय सहा सेंटिमीटरची काचेची एकेक प्लेट घालावी लागे. उजेड कमी असला तर कधी कधी अर्धा सेकंद झाकण उघडे ठेवावे लागे आणि कॅमेरा स्टँडवर किंवा कशावर तरी टेकवावा लागे. समोरचा माणूस हलला की प्लेट वाया!

मग ते काय करत? ते नुसते बघत राहत. बोलणारा माणूस वाक्य संपवून क्षणभर थांबतो, ऐकणारा विचारात पडतो, तेव्हा कोणी हलत नाही. नेमकी तीच वेळ ते साधत.

१९२८ मध्ये बर्लिनमधल्या एका गाजलेल्या खटल्यात कॅमेऱ्याला बंदी होती. सालोमन यांनी टोपीला भोक पाडून कॅमेरा आत दडवला. ते फोटो छापून आले आणि त्यांचे नाव झाले. त्याच वर्षी पॅरिसमध्ये युद्ध टाळण्याच्या करारावर सह्या झाल्या. तिथे ते पोलंडच्या प्रतिनिधीच्या रिकाम्या खुर्चीवर जाऊन बसले, अशी हकिकत आहे. मेजवानीला जाताना ते पाहुण्यांसारखाच उंची पोशाख घालत आणि चार माणसांत सहज मिसळत.

१९३० च्या हेगमधल्या परिषदेत त्यांनी रात्री उशिरा काढलेला एक फोटो प्रसिद्ध आहे. देशोदेशीच्या पैशाचा हिशोब करायला बसलेले मंत्री त्यात खुर्चीत पेंगताना दिसतात. १९३१ च्या पॅरिसमधल्या एका मेजवानीत फ्रान्सचे मंत्री ब्रियाँ यांनी त्यांना ओळखले आणि सरळ बोट दाखवले. सालोमन यांनी तेवढ्यात तोही फोटो घेतला! पुढे एर्मानॉक्सऐवजी ते रोलचा लायका वापरू लागले.

शेवटची वर्षे

१९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला. ज्यू असल्यामुळे सालोमन यांना जर्मनीत राहणे अशक्य झाले. पत्नी मॅगी या डच होत्या, म्हणून कुटुंब हेगला गेले. तिथे त्यांनी काम चालू ठेवले. १९४० मध्ये जर्मन फौजा हॉलंडमध्येही शिरल्या. सालोमन कुटुंब लपून राहिले, पण कोणीतरी खबर दिली. त्यांना आधी छावण्यांत डांबले आणि शेवटी ऑशविट्झला नेले. जुलै १९४४ मध्ये तिथे सालोमन यांचा अंत झाला. मॅगी आणि धाकटा मुलगा डर्क हेही छळछावणीतून परतले नाहीत.

थोरला मुलगा इंग्लंडमध्ये असल्याने वाचला. युद्ध संपल्यावर त्याने वडिलांच्या निगेटिव्ह शोधून काढल्या. काही हेगच्या संसदेच्या ग्रंथालयात ठेवलेल्या होत्या, काही कोंबड्यांच्या खुराड्याखाली पुरलेल्या. पुरलेल्यांतल्या काही ओलीने खराब झाल्या होत्या. उरल्या, म्हणून आज आपण ते फोटो पाहू शकतो. १९७१ पासून जर्मनीत त्यांच्या नावाने छायाचित्रकारांना पुरस्कार दिला जातो.

आपण काय शिकावे?

जुना कॅमेरा विकत घेताना शटर नीट उघडते का, भिंगावर बुरशी आहे का, बॅटरीच्या खाचेत गंज आहे का हे बघतात. आपल्याकडच्या पावसाळी हवेत तर ते बघावंच. पण सालोमन यांचा कॅमेरा आजच्या मानाने फारच अडचणीचा होता. तरी त्यांचे फोटो जिवंत वाटतात, कारण बटण दाबण्याआधी ते माणसांकडे पुष्कळ वेळ बघत असत.

मित्रांनो, घरच्या पुढच्या कार्यक्रमात एक करून पाहा. मोबाइल असो वा रोलचा कॅमेरा, फक्त बाराच फोटो काढायचे. कोणालाही हसायला सांगायचं नाही. आणि काढलेले फोटो जपून ठेवा. त्यातली माणसं उद्या आपल्यात नसतील, तेव्हा पंगतीत ती कशी बसायची, कशी बोलायची, हे त्या बारा फोटोंतच दिसेल.