सर्वांच्या तारणाची आशा बाळगणारे आचार्य : अलेक्झांड्रियाचे ओरिजेन

ख्रिस्तराजाच्या सोहळ्याने आपल्या उपासना वर्षाची समाप्ती होते. तीन वर्षांच्या वाचनक्रमातील पहिल्या, म्हणजे ‘अ’ वर्षी, त्या दिवशी दोन वाचने काही मिनिटांच्या अंतराने आपल्या कानी पडतात. दुसरे वाचन असते संत पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायातील. मृत्यू हा शेवटचा शत्रू नाहीसा होईल आणि अखेर परमेश्वर सर्वांमध्ये सर्वस्व होईल, अशी ग्वाही प्रेषित तेथे देतात. त्यानंतर आपण शुभवर्तमानासाठी उभे राहतो आणि संत मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातील अंतिम न्यायाचे वर्णन ऐकतो. मेंढरे उजवीकडे, शेरडे डावीकडे. एकांना सार्वकालिक जीवन, दुसऱ्यांना सार्वकालिक शिक्षा. ही दोन्ही वचने एकाच पवित्र शास्त्रातील आणि एकाच मिस्सेतील आहेत. त्यांचा मेळ कसा घालावयाचा, या प्रश्नापायी एका थोर ख्रिस्ती विद्वानाचे नाव शतकानुशतके वादात राहिले. ओरिजेन यांचे हे चरित्र आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

इसवी सन १८५ च्या सुमारास इजिप्तमधील अलेक्झांड्रिया नगरात एका ख्रिस्ती कुटुंबात ओरिजेनचा जन्म झाला. सात भावंडांत तो थोरला. वडील लिओनिदेस हे शिक्षित गृहस्थ होते. रोज शाळेचा धडा सुरू होण्यापूर्वी ते मुलाकडून पवित्र शास्त्रातील उतारे पाठ करून घेत. मुलगा नुसते पाठ करून थांबत नसे, वचनामागील खोल अर्थ विचारी. वडील वरकरणी त्याला दटावीत. मात्र तो झोपला की त्याच्या उघड्या छातीचे, पवित्र आत्म्याचे मंदिर समजून, चुंबन घेत, अशी आठवण चौथ्या शतकातील इतिहासकार बिशप युसेबियस यांनी नोंदविली आहे.

२०२ साली सम्राट सेप्टिमियस सेव्हरसच्या कारकिर्दीत छळ उसळला आणि लिओनिदेस यांना अटक झाली. सतरा वर्षांचा ओरिजेन वडिलांबरोबर मरणाला सामोरा जावयास निघाला. आईने विनवण्या केल्या; त्याने ऐकले नाही. अखेर तिने त्याचे सर्व कपडे लपवून ठेवले. घराबाहेर पडता येईना, तेव्हा त्याने तुरुंगात वडिलांना पत्र धाडले आणि आमच्यासाठी आपला निश्चय बदलू नका, असे कळविले. लिओनिदेस यांचा शिरच्छेद झाला. मालमत्ता सरकारजमा झाली. विधवा आई आणि सहा धाकटी भावंडे उघड्यावर आली. सर्वांच्या तारणाची आशा ज्याने पुढे मांडली, त्याने आपल्या पित्याचे मारेकरी पाहिले होते, हे येथेच ध्यानात घ्यावे असे आम्हाला वाटते.

एका श्रीमंत स्त्रीने ओरिजेनला आश्रय दिला. तिच्याच घरी एक पाखंडी उपदेशक राहत होता व त्याच्याभोवती मोठी गर्दी जमे. परंतु त्याच्यासमवेत प्रार्थनेस उभे राहावयास या तरुणाने कधीही मान्यता दिली नाही. ख्रिस्तसभेच्या श्रद्धेविषयी तो इतका काटेकोर होता! अठराव्या वर्षी बिशप देमेत्रियस यांनी धर्मशिक्षणाची जबाबदारी त्याच्यावर सोपविली. ते दिवस असे होते की धर्मशिक्षण घेणे म्हणजे मृत्यूला निमंत्रण देणे. त्यांचे अनेक विद्यार्थी रक्तसाक्षी झाले. ओरिजेन तुरुंगात त्यांना भेटत, वधस्थानापर्यंत त्यांच्याबरोबर चालत, सर्वांदेखत त्यांचे चुंबन घेऊन निरोप देत. संतप्त जमावाने त्यांच्यावर दगड उचलण्याचे प्रसंगही आले.

त्यांनी आपला ग्रीक ग्रंथसंग्रह विकला आणि त्याच्या मोबदल्यात रोज चार ओबोल एवढ्या अल्प रकमेवर निर्वाह केला. ते जमिनीवर झोपत, अनवाणी चालत. तारुण्याच्या आवेशात शुभवर्तमानातील एका वचनाचा शब्दशः अर्थ घेऊन त्यांनी स्वतःच्या शरीराला कायमची इजा करून घेतली, असे युसेबियस सांगतात. काही अभ्यासक हे खरे मानीत नाहीत. पुढे त्याच वचनाच्या शब्दशः अर्थाविरुद्ध ओरिजेन यांनी स्वतः लिहिले, एवढे मात्र निश्चित.

त्यांच्यामुळे पाखंडातून परतलेल्या अँब्रोज नावाच्या धनिकाने त्यांना सात लघुलेखक, तितकेच नकलनवीस आणि सुवाच्य हस्ताक्षराच्या मुली पुरविल्या. हे लेखनिक आळीपाळीने बसत आणि ओरिजेन सांगत जात. भाष्ये, प्रवचने, पत्रे यांचा डोंगर उभा राहिला. जुन्या कराराचा हिब्रू मूलपाठ आणि त्याची ग्रीक भाषांतरे सहा रकान्यांत शेजारी शेजारी मांडणारा ‘हेक्साप्ला’ हे तर त्यांचे अनेक वर्षांचे तप होते.

याच काळात, २२० ते २३० च्या दरम्यान, त्यांनी ‘मूलतत्त्वांविषयी’ हा ग्रंथ लिहिला आणि वादाचे मूळ त्यातच आहे. ग्रंथाच्या आरंभी ते दोन गोष्टी वेगळ्या काढतात : प्रेषितांनी जे स्पष्ट शिकविले ते सर्वांनी मान्य करावयाचे, जे त्यांनी उघड ठेवले त्याचा शोध विद्वानांनी घ्यावयाचा. विश्वाचा शेवट कसा होईल, हा विषय त्यांनी दुसऱ्या गटात घातला. त्याविषयी आपण निर्णय देत नसून केवळ विचार मांडीत आहोत, असे ते बजावतात.

त्यांचा विचार थोडक्यात असा. परमेश्वर शिक्षा करतो तो वैद्य जशी शस्त्रक्रिया करतो तशी. वेदना होते, पण हेतू रोग बरा करण्याचा असतो. नरकाचा अग्नी कोणी बाहेरून पेटविलेला नाही. प्रत्येक पापी आपल्याच पापांच्या सरपणावर तो पेटवितो. संत पौलाने लाकूड, गवत व पेंढा यांचे बांधकाम जळून जाण्याविषयी लिहिले आहे. तोच अग्नी आत्म्याला निर्मळ करतो. (आपल्या शुद्धिस्थानाच्या शिकवणुकीचे एक मूळ येथे आहे.) आता परमेश्वर जर सर्वांमध्ये सर्वस्व होणार असेल, तर त्याच्या विरोधात कायमचा उभा असलेला एकही आत्मा उरेल कसा? जबरदस्तीने नव्हे, तर दीर्घकाळ शिकविले जाऊन, एकेक करून, सर्वजण त्याच्याकडे परततील, अशी त्यांची आशा होती.

परंतु या विचाराला त्यांनी दुसरी एक कल्पना जोडली : सर्व आत्मे देहापूर्वीच अस्तित्वात होते, ते परमेश्वरापासून ढळले आणि म्हणून देहात आले. ख्रिस्तसभेने ही कल्पना कधीच स्वीकारली नाही. शिवाय आत्म्याची इच्छा सदैव स्वतंत्र असेल, तर परतलेला आत्मा पुन्हा ढळणार नाही कशावरून? हा प्रश्न त्यांना विचारला गेला आणि आमच्या मते तो रास्तच होता.

ओरिजेन स्वतः मात्र हे विषय चव्हाट्यावर मांडीत नसत. सामान्य भाविकांसमोरील प्रवचनांत ते सार्वकालिक अग्नीविषयी इतर धर्मगुरूंप्रमाणेच बोलत. न्यायाच्या भीतीमुळे पापापासून दूर राहणाऱ्यांना त्याहून अधिक सांगणे हिताचे नाही, असे त्यांनी वृद्धापकाळी केल्ससच्या खंडनार्थ लिहिलेल्या ग्रंथात सुचविले आहे. सैतानाचेही तारण होईल, असे आपण म्हटल्याची बातमी पसरल्यावर त्यांनी अलेक्झांड्रियातील मित्रांना पत्र लिहून ती साफ नाकारली आणि एका वादविवादाचा वृत्तान्त प्रतिपक्षाने बदलून पसरविल्याची तक्रार केली.

तोवर त्यांचे आपल्या बिशपांशीही बिनसले होते. २३१ च्या सुमारास पॅलेस्टाईनमधील बिशपांनी त्यांना धर्मगुरुपदाची दीक्षा दिली. आपल्याला न विचारता हे झाले म्हणून देमेत्रियस रागावले आणि ओरिजेन यांना जन्मगाव कायमचे सोडावे लागले. कैसरिया येथे त्यांनी नवी पाठशाळा उभारली.

२५० साली सम्राट डेसियसचा छळ सुरू झाला. पासष्टीच्या ओरिजेन यांना अंधारकोठडीत टाकण्यात आले. गळ्यात लोखंडी कडे अडकविले, पाय लाकडी खोड्यात घालून चौथ्या भोकापर्यंत ताणले आणि जाळून मारण्याची धमकी दिली. विख्यात आचार्यांनी श्रद्धा नाकारावी, एवढीच न्यायाधीशाची इच्छा होती; म्हणून त्यांना मरू दिले नाही. त्यांनी श्रद्धा नाकारली नाही. डेसियसच्या मृत्यूनंतर सुटका झाली, पण शरीर मोडले होते. २५३-५४ च्या सुमारास ते निधन पावले. त्यांची कबर तूर येथे होती. कोठडीतच प्राण गेला असता तर आज कदाचित आपण त्यांना संत म्हणून हाक मारली असती.

मृत्यूनंतर वाद पेटला. निसाचे संत ग्रेगरी यांनी सर्वांच्या पुनःस्थापनेची आशा उघडपणे मांडली. उलट, तरुणपणी ओरिजेन यांची स्तुती करणारे संत जेरोम पुढे त्यांचे कडवे विरोधक झाले. रुफिनस यांनी ‘मूलतत्त्वांविषयी’चे लॅटिन भाषांतर केले, पण अडचणीच्या जागा सौम्य केल्या, आज संपूर्ण ग्रंथ त्याच रूपात हाती आहे. संत ऑगस्टीन यांनी ‘देवनगरी’च्या एकविसाव्या खंडात नेमका आक्षेप घेतला : शिक्षा आणि जीवन, दोहोंना प्रभूने एकच विशेषण लावले आहे. शिक्षा संपणारी मानली, तर जीवनही संपणारे मानावे लागेल. हा युक्तिवाद सहज बाजूला सारता येत नाही.

५४३ साली सम्राट जस्टिनियनने ओरिजेन यांच्या मतांविरुद्ध आज्ञापत्र काढले आणि ५५३ च्या कॉन्स्टँटिनोपल येथील दुसऱ्या महासभेने पाखंड्यांच्या यादीत त्यांचे नाव घातले. मृत्यूला तीनशे वर्षे झालेल्या माणसाला आपली बाजू मांडता येणार नव्हती. निंदेची पंधरा कलमे महासभेने रीतसर मंजूर केली होती की नाही, याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. गंमत अशी की याच महासभेने प्रमाणभूत आचार्यांची जी नामावली दिली, तीत निसाचे संत ग्रेगरीही आहेत. ओरिजेन यांचे बहुतेक ग्रीक ग्रंथ मात्र पुढे नष्ट झाले.

नरक आहे आणि तो सार्वकालिक आहे, ही ख्रिस्तसभेची शिकवण आजही कायम आहे. धर्मशिक्षण ग्रंथाच्या १०३५ व्या परिच्छेदात ती स्पष्ट आहे. त्याचबरोबर परमेश्वर कोणालाही नरकासाठी नेमीत नाही, असे १०३७ वा परिच्छेद सांगतो आणि कोणाचाही नाश होऊ नये म्हणून ख्रिस्तसभा प्रार्थना करते, असे १०५८ वा. कोणी एखादी व्यक्ती नरकात आहे, असे ख्रिस्तसभेने आजवर जाहीर केलेले नाही. ओरिजेन यांच्या लेखनाचे संकलन करणारे स्विस ईश्वरविज्ञ हान्स उर्स फॉन बाल्थाझार यांनी १९८६ साली म्हटले की सर्वांच्या तारणाची खात्री बाळगता येत नाही, पण आशा बाळगता येते. त्यांच्यावर टीका झाली. तरी पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यांना कार्डिनलपदासाठी निवडले. पद स्वीकारण्याच्या दोन दिवस आधी, १९८८ साली, त्यांचे निधन झाले. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००७ च्या एप्रिल व मे महिन्यांत आपली दोन बुधवारची प्रबोधने ओरिजेन यांच्यावर दिली.

दफनविधी आटोपल्यावर एखादी आई धर्मगुरूंना बाजूला घेऊन हळूच विचारते, की माझा मुलगा कित्येक वर्षे चर्चला आला नव्हता, त्याचे काय होईल? असे प्रसंग आपल्याला अपरिचित नाहीत. ओरिजेन यांच्यापुढील प्रश्न याहून फार वेगळा नव्हता. आपल्यापैकी अनेक घरांत रोझरीच्या प्रत्येक दशकानंतर फातिमाची प्रार्थना म्हटली जाते. सर्व आत्म्यांना, विशेषतः ज्यांना दयेची अधिक गरज आहे त्यांना, स्वर्गात घेऊन जा, अशी विनवणी आपण तीत प्रभूला करतो. १३ जुलै १९१७ रोजी फातिमाच्या बालकांना नरकाचे दर्शन घडले, त्याच दिवशी त्यांना ही प्रार्थना शिकविण्यात आली.

ओरिजेन यांचे शब्द पुरते नाहीसे झाले नाहीत. १९४१ साली कैरोजवळील तुरा येथील खाणींत त्यांच्या लेखनाचे पपायरस सापडले. २०१२ साली जर्मनीतील म्युनिकच्या राज्य ग्रंथालयात एक जुनी ग्रीक हस्तलिखित पोथी चाळताना मरीना मोलिन प्रादेल या अभ्यासिकेच्या लक्षात आले, की आपल्या हाती स्तोत्रांवरील ओरिजेन यांची प्रवचने आहेत. एकूण एकोणतीस प्रवचने. त्यांतील बहुसंख्य मूळ ग्रीकमध्ये तोवर कोणाला ठाऊक नव्हती. ती पोथी ग्रंथालयाच्या कपाटात होतीच; ती ओरिजेन यांची आहे, हे मात्र कोणी ओळखले नव्हते.