निर्णायक मताचा धनी : विजय मर्चंट

भारतीय संघाची निवड हा या देशात कोट्यवधी लोकांचा आवडता उद्योग आहे. प्रत्येक दौऱ्याआधी चहाच्या टपरीपासून दिवाणखान्यापर्यंत संघ निवडले जातात आणि निवड समितीचा संघ जाहीर होताच तो मोडीतही काढला जातो. या समितीवर आजवर अनेक थोर खेळाडू बसले. तथापि निवड समितीचा अध्यक्ष म्हणून ज्याचे नाव इतिहासात कायमचे कोरले गेले, असा माणूस एकच. विजय मर्चंट. खेळाडू म्हणून ते महान होतेच. परंतु १९७१ च्या जानेवारी महिन्यात त्यांनी दिलेल्या एका मताने भारतीय क्रिकेटची दिशा बदलली आणि त्या मताचा वाद त्यांच्या मृत्यूनंतरही शमला नाही.

विजय मर्चंट यांचा जन्म १२ ऑक्टोबर १९११ रोजी मुंबईत, गिरणीमालक ठाकरसी घराण्यात झाला. शाळेत बाईंनी नाव आणि वडिलांचा व्यवसाय विचारला असता दोन उत्तरांची सरमिसळ झाली आणि ठाकरसींचा विजय हा 'मर्चंट' म्हणून पटावर चढला, अशी हकीकत सांगितली जाते. हेच नाव पुढे जगभरच्या धावफलकांवर झळकले. सिडनहॅम महाविद्यालयात शिकत असतानाच त्यांच्या फलंदाजीचा बोलबाला झाला. मुंबईच्या मैदानांवर तेव्हा चौरंगी सामन्यांचे दिवस होते. हिंदू, पारशी, मुस्लिम आणि युरोपियन असे संघ एकमेकांशी झुंजत आणि हिंदू जिमखान्याकडून खेळणे हा फार मोठा मान समजला जाई.

१९३२ साली भारताचा पहिला कसोटी संघ इंग्लंडला निघाला. त्या संघात वीस वर्षांच्या मर्चंट यांना जागा मिळण्यासारखी होती. परंतु महात्मा गांधी आणि काँग्रेसचे अन्य नेते तुरुंगात असताना इंग्रजांच्या देशी खेळायला जाणे त्यांना योग्य वाटले नाही. एल. पी. जय यांच्यासह त्यांनी त्या दौऱ्यापासून दूर राहणे पसंत केले. लॉर्ड्सवर भारताने पहिली कसोटी खेळली ती नागपूरचे सुपुत्र सी. के. नायडू यांच्या नेतृत्वाखाली आणि मर्चंट यांच्याविना. संघात असणे हा सन्मान असला तरी तो कोणत्याही किमतीला घ्यायचा नसतो, हा धडा मर्चंट यांनी कोवळ्या वयातच स्वतःला घालून दिला होता.

त्यांचे कसोटी पदार्पण १९३३ च्या डिसेंबरमध्ये मुंबई जिमखान्याच्या मैदानावर, जार्डीनच्या इंग्लंडविरुद्ध, नायडूंच्याच नेतृत्वाखाली झाले. भारतभूमीवरील ती पहिलीच कसोटी. १९३६ च्या इंग्लंड दौऱ्यात मात्र त्यांनी संघनिवडीची काळी बाजू जवळून पाहिली. विजयानगरमचे महाराजकुमार हे खेळापेक्षा वजनाच्या जोरावर कर्णधार झाले होते. लाला अमरनाथ यांच्यासारख्या खेळाडूला शिस्तभंगाच्या आरोपावरून दौऱ्याच्या मध्यातूनच मायदेशी धाडण्यात आले. गटबाजीने पोखरलेल्या त्या संघातून मँचेस्टरच्या मैदानावर मर्चंट आणि मुश्ताक अली ही सलामीची जोडी उतरली आणि तिने २०३ धावांची भागी रचली. मर्चंट यांनी ११४, तर मुश्ताक यांनी ११२ धावा केल्या. त्या वर्षीच्या कामगिरीबद्दल 'विस्डेन'ने मर्चंट यांची वर्षातील पाच क्रिकेटपटूंत गणना केली.

महायुद्धामुळे त्यांच्या उमेदीची वर्षे कसोटीविना गेली. या काळात देशांतर्गत स्पर्धांत त्यांनी धावांच्या राशी ओतल्या. विजय हजारे यांच्याशी त्यांची जुगलबंदी तर दंतकथा बनली. १९४३ च्या पंचरंगी स्पर्धेत हजारे यांनी २४८ धावा काढताच अंतिम सामन्यात मर्चंट यांनी नाबाद २५० धावांनी उत्तर दिले. त्यावर हजारे यांनी त्याच सामन्यात ३०९ धावांचा डोंगर उभा केला. पुढे मर्चंट यांनी महाराष्ट्राविरुद्ध रणजी सामन्यात नाबाद ३५९ धावा केल्या. प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये त्यांची सरासरी ७१ च्या घरात राहिली. दीर्घकाळ खेळलेल्या फलंदाजांत त्यांच्या पुढे केवळ डॉन ब्रॅडमन आहेत. कसोट्या मात्र त्यांच्या वाट्याला दहाच आल्या. त्यांत त्यांनी ४७.७२ च्या सरासरीने ८५९ धावा जमविल्या.

१९४६ च्या इंग्लंड दौऱ्यासाठी कर्णधार निवडायची वेळ आली तेव्हा मर्चंट यांचा दावा प्रबळ होता. परंतु ती माळ पतौडीचे नवाब इफ्तिकार अली खान यांच्या गळ्यात पडली आणि मर्चंट उपकर्णधार म्हणून गेले. त्या दौऱ्यात त्यांनी २,३८५ धावा केल्या. पुढच्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यासाठी त्यांना कर्णधारपद देण्यात आले. पण प्रकृतीने दगा दिल्यामुळे त्यांना माघार घ्यावी लागली आणि नेतृत्व अमरनाथ यांच्याकडे गेले. भारताचे नेतृत्व करण्याचा योग मर्चंट यांना कसोटीत कधीच आला नाही. १९५१ साली दिल्लीत इंग्लंडविरुद्ध त्यांनी चाळिसाव्या वर्षी १५४ धावा केल्या. त्याच सामन्यात क्षेत्ररक्षण करताना खांदा दुखावला आणि ती त्यांची अखेरची कसोटी ठरली. लोक अजून खेळा म्हणत असतानाच निवृत्त व्हावे, या मताचे ते होते आणि त्यांनी ते स्वतःपुरते पाळलेही.

खेळ थांबला तरी क्रिकेटशी नाते तुटले नाही. आकाशवाणीवरून ते क्रिकेटवर बोलत तेव्हा घराघरांत रेडिओभोवती श्रोते जमत. गिरणीचा कारभार सांभाळतानाच अपंगांच्या पुनर्वसनाच्या कामाला त्यांनी वाहून घेतले. १९६० च्या दशकाच्या अखेरीस राष्ट्रीय निवड समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले.

तेव्हाची निवड पद्धत समजून घेतल्याखेरीज त्यांच्या कामाचे मोल कळणार नाही. देशाचे पाच विभाग पाडलेले होते आणि प्रत्येक विभागाचा एक सदस्य समितीवर बसे. महाराष्ट्र राज्यसुद्धा यात दुभंगलेले होते. मुंबई आणि महाराष्ट्र हे रणजी संघ पश्चिम विभागात, तर विदर्भ मध्य विभागात. रणजी आणि दुलीप करंडकात चमकायचे, आपल्या विभागाच्या सदस्याच्या नजरेत भरायचे आणि मग त्याने बैठकीत आपले नाव लावून धरायचे, असा हा मार्ग होता. मुंबईच्या मैदानावर शतक ठोकणाऱ्याचे नाव दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात येई. चंद्रपूर जिल्ह्यातील मूल तालुक्यासारख्या धानाच्या आणि जंगलाच्या मुलखातील एखाद्या पोराने कितीही चांगली गोलंदाजी केली, तरी आधी चंद्रपूर, मग नागपूर, मग मध्य विभाग अशा पायऱ्या चढेपर्यंत त्याची उमेद संपून जाई. विदर्भाचा संघ १९५७-५८ पासून रणजी करंडकात खेळू लागला; परंतु विदर्भाकडून खेळणाऱ्या उमेश यादवच्या रूपाने या प्रदेशाला कसोटीपटू लाभायला २०११ साल उजाडावे लागले. खाणकामगाराच्या या मुलाने जी वाट पुरी केली, ती त्या काळी किती लांबची होती याची कल्पना यावरून यावी.

या चौकटीत राहूनच मर्चंट यांनी तरुणांचा पुरस्कार केला. १९६९ च्या मोसमात न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियाचे संघ भारतात आले. नामांकित खेळाडूंच्या जागा पक्क्या समजल्या जात असताना मर्चंट यांच्या समितीने एकापाठोपाठ एक नवे चेहरे मैदानात उतरविले. चेतन चौहान, अशोक मांकड, एकनाथ सोलकर, गुंडप्पा विश्वनाथ, मोहिंदर अमरनाथ ही नावे त्याच मोसमात कसोटीच्या धावफलकावर प्रथम उमटली. हिंदू जिमखान्याच्या मैदानाची देखभाल करणाऱ्या कर्मचाऱ्याचा मुलगा असलेला सोलकर कसोटीपटू झाला, ही त्या मोसमाची मोठी कमाई होती. कानपूरला विश्वनाथ पहिल्या डावात शून्यावर बाद झाला. दुसऱ्या डावात त्याने १३७ धावा केल्या. हे सारे प्रयोग फळाला आले असे मात्र नव्हे. काही तरुण एखाददुसऱ्या कसोटीनंतर विस्मरणात गेले. न्यूझीलंडविरुद्धची मालिका बरोबरीत सुटली, तर ऑस्ट्रेलियाने भारताला ३-१ असे हरविले. टीकाकारांना एवढे पुरेसे होते.

या पार्श्वभूमीवर १९७१ च्या वेस्ट इंडिज दौऱ्यासाठी कर्णधार ठरवायचा होता. मन्सूर अली खान पतौडी वयाच्या एकविसाव्या वर्षापासून संघाचे नेतृत्व करीत आले होते. अपघातात एका डोळ्याची दृष्टी गमावूनही ते खेळले होते, संघाला क्षेत्ररक्षणाची गोडी लावली होती आणि १९६८ साली न्यूझीलंडमध्ये भारताला परदेशातील पहिला मालिका विजय मिळवून दिला होता. दुसरीकडे अजित वाडेकर होते. मुंबईला रणजी करंडक जिंकून देणारे, मितभाषी, मध्यमवर्गीय घरातील डावखुरे फलंदाज. समितीत मते समसमान पडली आणि अध्यक्षांचे निर्णायक मत वाडेकरांच्या पारड्यात पडले. नवाबाची कर्णधारी संपली.

देशभर खळबळ उडाली. १९४६ साली थोरल्या पतौडींमुळे हुकलेल्या कर्णधारपदाचा वचपा मर्चंट यांनी धाकट्या पतौडींवर काढला, असा आरोप झाला. मुंबईकराने मुंबईकराची वर्णी लावली, असेही बोलले गेले. माणसाच्या मनात शिरून हेतू तपासण्याचे साधन कोणाकडे नसते. ऑस्ट्रेलियाविरुद्धची हार आणि नव्या दमाच्या संघाची गरज या गोष्टी मात्र खऱ्या होत्या. त्या मताबरोबर मर्चंट यांनी आपली सारी पुण्याई डावावर लावली होती. संघ हरून परतला असता, तर सूडाचा शिक्का त्यांच्या कपाळी कायमचा बसला असता. पतौडी त्या दौऱ्यावर गेले नाहीत. त्याच वर्षी ते लोकसभेच्या निवडणुकीला उभे राहिले आणि हरले.

कर्णधार ठरल्यावर संघाची जुळवाजुळव झाली. आंतरविद्यापीठ सामने गाजवून नुकताच मुंबईकडून खेळू लागलेला सुनील गावस्कर संघात आला. मात्र मर्चंट यांचा तरुणांचा आग्रह हा हट्ट नव्हता. मूळचे गोव्याचे दिलीप सरदेसाई संपले, असे बहुतेकांना वाटत होते. वाडेकर त्यांच्यासाठी अडून बसले आणि कर्णधाराचा शब्द मानला गेला. छत्तिशीतल्या सलीम दुराणी यांनाही पुन्हा बोलावण्यात आले. लेगस्पिनर चंद्रशेखर मात्र वगळले गेले.

पुढचा इतिहास सर्वश्रुत आहे. किंग्स्टनच्या कसोटीत ५ बाद ७५ अशी दाणादाण उडाली असता सरदेसाई यांनी सोलकरच्या साथीने डाव सावरला आणि २१२ धावा काढल्या. पहिला दिवस पावसाने वाया गेला होता. त्यामुळे फॉलोऑनसाठी दीडशे धावांची आघाडी पुरेशी होती आणि वाडेकरांनी सोबर्स यांच्या संघाला फॉलोऑन दिला. पोर्ट ऑफ स्पेनला दुराणी यांनी सोबर्स आणि लॉईड यांना बाद केले आणि भारताने वेस्ट इंडिजवर पहिलावहिला कसोटी विजय मिळविला. गावस्करने चार कसोट्यांत ७७४ धावा केल्या, सरदेसाई यांनी ६४२. मालिका १-० अशी जिंकून संघ परतला.

इंग्लंड दौऱ्यासाठी संघ निवडताना मर्चंट यांनी चंद्रशेखर यांना परत घेतले. पोलिओने अधू झालेल्या उजव्या हाताने गोलंदाजी करणाऱ्या, दुखापती आणि अपघातामुळे तीन वर्षांहून अधिक काळ कसोटीबाहेर असलेल्या या गोलंदाजाची निवड म्हणजे विचारपूर्वक खेळलेला जुगार होता. ओव्हलच्या मैदानावर चंद्रशेखर यांनी ३८ धावांत ६ बळी घेऊन इंग्लंडचा डाव १०१ धावांत गुंडाळला. २४ ऑगस्ट १९७१ रोजी, गणेश चतुर्थीच्या दिवशी, भारताने चार गडी राखून सामना जिंकला. इंग्लंडच्या भूमीवरील तो भारताचा पहिला कसोटी विजय आणि पहिला मालिका विजय.

या यशालाही ओहोटी लागली. १९७४ साली लॉर्ड्सवर भारताचा डाव अवघ्या ४२ धावांत आटोपला, विजयाच्या स्मरणार्थ इंदूरला उभारलेल्या भव्य बॅटची नासधूस झाली आणि वाडेकर निवृत्त झाले. त्यानंतर वेस्ट इंडिजविरुद्ध मायदेशी कर्णधारपद पुन्हा पतौडींकडे आले. मर्चंट तोवर निवड समितीतून बाहेर पडले होते. त्यांच्या निर्णायक मताचे मोजमाप त्यामुळे केवळ जय-पराजयाने होणार नाही. निवडलेल्या तरुणांना कितपत संधी मिळाली आणि त्यांनी किती काळ संघ सावरला, हेही पाहावे लागते. गावस्कर, विश्वनाथ आणि मोहिंदर अमरनाथ हे १९८० च्या दशकापर्यंत भारतीय फलंदाजीचे आधारस्तंभ राहिले. एकाच समितीच्या कारकिर्दीत एवढी माणसे सापडावीत, हे भाग्य फार थोड्या निवडकर्त्यांना लाभले.

२७ ऑक्टोबर १९८७ रोजी मुंबईत विजय मर्चंट यांचे निधन झाले. त्यांच्या नावाने सोळा वर्षांखालील मुलांची राष्ट्रीय स्पर्धा खेळविली जाते. विदर्भासह देशभरच्या क्रिकेट संघटनांचे मुलगे तीत उतरतात आणि कोणाच्या तरी नजरेत भरण्याची धडपड करतात. प्रस्थापितांच्या रांगेत नव्या मुलाला जागा करून देणाऱ्या माणसाचे नाव याच स्पर्धेला असावे, हे उचितच होय.