वृत्तपत्राची पत : गोपाळ गणेश आगरकर

ग्रंथालयाच्या इमारतीत सर्वांत आधी उघडते ते वृत्तपत्रांचे दालन. ग्रंथांच्या कपाटांना किल्ली लागण्यापूर्वीच वर्तमानपत्रांच्या मेजाभोवती ज्येष्ठ सभासद येऊन बसलेले असतात. शंभर वर्षांत मेजे बदलली, पत्रांची नावे बदलली, कित्येक पत्रे बंद पडली आणि नवी निघाली. परंतु त्या मेजावर नित्य विचारला जाणारा एक प्रश्न मात्र बदललेला नाही. छापले आहे ते खरे कशावरून? अलीकडे तर बातमी कागदावर उमटण्यापूर्वीच हातातल्या पडद्यावर येऊन थडकते आणि हा प्रश्न अधिकच तीव्र होतो. वृत्तपत्रांवरील लोकांचा विश्वास उडाला आहे असे आपण खेदाने म्हणतो. अशा वेळी, ज्या संपादकाच्या हातून एकदा खोटे छापले गेले आणि तरीही ज्याच्या शब्दाची पत कमी न होता वाढली, त्याचे चरित्र स्मरणे उचित ठरेल. ते संपादक म्हणजे गोपाळ गणेश आगरकर.

आगरकरांचा जन्म १४ जुलै १८५६ रोजी कराडजवळच्या टेंभू या गावी झाला. घरची स्थिती अत्यंत गरिबीची. शिक्षणाची ओढ मोठी, पण त्यासाठी कराड, रत्नागिरी, अकोला असा प्रवास करावा लागला. कधी कचेरीत उमेदवारी, कधी दवाखान्यात औषधे देण्याचे काम करीत त्यांनी शाळेचे दिवस काढले. अकोल्यास विष्णु मोरेश्वर महाजनी यांच्यासारखा गुरू लाभला. १८७५ साली मॅट्रिक होऊन ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आले. अंगात एकच सदरा. तो रात्री धुऊन सकाळी पुन्हा घालावयाचा, ही त्यांच्या विद्यार्थिदशेची हकीकत महाराष्ट्रास ठाऊक आहे. याच कॉलेजात बाळ गंगाधर टिळकांशी त्यांचा स्नेह जडला. मोठ्या पगाराच्या सरकारी नोकरीचा मार्ग मोकळा असताना, आपण आता मुलाच्या पगारावर सुखाने राहू ही आशा सोडून द्यावी, असे त्यांनी आईस पत्राने कळविले आणि आयुष्य लोकशिक्षणास वाहिले.

विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक आणि त्यांचे सहकारी यांनी १८८० साली न्यू इंग्लिश स्कूल काढले. पुढच्याच वर्षाच्या आरंभी इंग्रजी ‘मराठा’ आणि मराठी ‘केसरी’ ही साप्ताहिके निघाली. ‘मराठा’ टिळकांकडे आणि ‘केसरी’ आगरकरांकडे आला. पंचविशीतला हा संपादक. लेखणी धारदार, अन्यायाची चीड उपजत आणि भोवती तशाच वृत्तीचे मित्र. अशा तरुणांच्या पत्राला एक वर्ष पुरे होते न होते तोच कोल्हापूरचे प्रकरण उद्भवले.

कोल्हापूरचे छत्रपती चौथे शिवाजी महाराज वयाने लहान होते. त्यांना वेड लागले आहे असे सांगून त्यांच्यावर कडक पहारा ठेवण्यात आला होता. महाराजांचा छळ होत असून त्यामागे संस्थानचे कारभारी माधवराव बर्वे यांचा हात आहे, अशी बोलवा सर्वत्र पसरली होती. लोकमानस क्षुब्ध होते. तशात कारभाऱ्यांची म्हणून काही पत्रे पुण्यात आली. त्यांवरून महाराजांविरुद्ध कट असल्याचे दिसत होते. मनात जी शंका आधीच घर करून बसली होती तिला पुरावा मिळाला, असे तरुण संपादकांना वाटले. ‘केसरी’ आणि ‘मराठा’ या दोन्ही पत्रांनी कारभाऱ्यांवर प्रखर टीका केली. बर्वे यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद लावली. खटला उभा राहिला आणि ती पत्रे बनावट असल्याचे निष्पन्न झाले.

येथे क्षणभर थांबले पाहिजे. त्या तरुणांचा हेतू शुद्ध होता आणि एका असहाय राजपुत्राची कणव त्यांच्या मनात होती. पण हेतूच्या शुद्धतेने कागद खरा होत नाही. जे खरे असावे असे आपल्याला मनापासून वाटते, त्याचीच पारख आपण सर्वांत ढिलाईने करतो. वृत्तपत्रांच्या बहुतेक चुका दुष्टपणातून होत नाहीत. त्या अशा अनुकूल पुराव्यावरील उतावळ्या विश्वासातून होतात. ‘केसरी’ची चूक याच जातीची होती.

ती कळल्यावर काय करावयाचे, हा खरा कसोटीचा प्रश्न होता. लोकमत संपादकांच्या बाजूने होते. पत्रे खरीच आहेत, सत्तेने ती खोटी ठरविली, असा आरडाओरडा करून टाळ्या मिळविणे कठीण नव्हते. टिळक-आगरकरांनी ते केले नाही. आपली फसगत झाल्याचे ध्यानी येताच त्यांनी माफी मागितली. माफी मागितली तरी फिर्याद मागे घेतली गेली नाही. याच धामधुमीत १७ मार्च १८८२ रोजी विष्णुशास्त्री निवर्तले आणि तरुण मंडळींचा मोठा आधार गेला. १७ जुलै १८८२ रोजी दोघांना चार महिन्यांच्या साध्या कैदेची शिक्षा झाली.

या प्रकरणातील एक गोष्ट विशेष मननीय आहे. खटल्याच्या वेळी दहा हजार रुपयांच्या जामिनाचा प्रश्न आला तेव्हा जोतीराव फुले यांच्या सांगण्यावरून त्यांचे सत्यशोधक स्नेही रामशेठ बापूशेठ उरवणे पुढे आले. विष्णुशास्त्र्यांनी ‘निबंधमाले’त फुल्यांवर किती कठोर टीका केली होती हे सर्वश्रुत आहे. तरीही त्याच गोटातील संपादकांसाठी फुल्यांची माणसे उभी राहिली. मते पटत नसताही ज्याच्या प्रामाणिकपणाविषयी खात्री वाटते, त्याच्यासाठीच माणूस जामीन राहतो. वृत्तपत्राची पत म्हणतात ती याहून वेगळी नाही.

डोंगरीच्या तुरुंगात दोघांनी एकशे एक दिवस काढले. एका लहानशा खोलीत दोन मित्र देशाच्या उद्धाराविषयी, समाजाच्या दोषांविषयी रात्र रात्र वाद घालीत. आगरकरांनी तेथे शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’चे मराठी रूपांतर हाती घेतले, ते ‘विकारविलसित’ या नावाने प्रसिद्ध झाले. तुरुंगातील दिवसांची हकीकतही त्यांनी स्वतंत्र पुस्तकात लिहिली. २६ ऑक्टोबर रोजी सुटका झाली तेव्हा लोकांनी त्यांचे मोठे स्वागत केले. पुढे १८८३ च्या डिसेंबरात अहमदनगर येथे पहाऱ्यावरील गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीनंतर महाराजांचा दुर्दैवी अंत झाला आणि लोकांच्या मनातली व्यथा अगदीच निराधार नव्हती हे दिसून आले. तथापि त्यामुळे बनावट पत्रे खरी ठरली नाहीत.

वाचकांचा विश्वास गमावण्याचा आणखी एक मार्ग असतो, आणि तो अधिक फसवा आहे. वाचकाला रुचेल तेवढेच लिहावयाचे आणि न रुचणारे सत्य गिळून टाकावयाचे. आगरकरांच्या आयुष्यातील दुसरी कसोटी ही होती. १८८४ साली बेहरामजी मलबारी यांनी बालविवाह आणि सक्तीचे वैधव्य यांविषयी टिपणे प्रसिद्ध केली आणि सामाजिक सुधारणेचा वाद पेटला. राजकीय बाबतीत एकदिलाने चालणाऱ्या मंडळीत येथे दुफळी झाली. ‘केसरी’ एकट्या आगरकरांचा नव्हता, तो मंडळींचा होता. आपले मत तेथे पूर्णपणे मांडता येत नाही असे दिसताच, जे पत्र आपण नावारूपास आणले त्याचे संपादकत्व त्यांनी १८८७ मध्ये सोडले. मित्राशी वाद झाला म्हणून त्यांनी लेखणी खाली ठेवली नाही. मत दडवून जागा राखली असेही केले नाही.

१५ ऑक्टोबर १८८८ रोजी ‘सुधारक’ निघाला. त्याची इंग्रजी बाजू प्रथम गोपाळ कृष्ण गोखले सांभाळीत. स्त्रियांचे शिक्षण, विधवांचे केशवपन, बालविवाह, जातिभेद, पोशाखापासून अंत्यविधीपर्यंतच्या रूढी, काहीही त्यांनी वर्ज्य मानले नाही. श्रद्धेचा मान राखावा, पण तिने बुद्धीला दटावू नये, हा त्यांच्या लेखनाचा गाभा होता. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याच्या वेळी त्यांनी लोकमताच्या लाटेविरुद्ध उभे राहून कायद्याचा पुरस्कार केला. पुण्यात त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढण्यात आली. ज्या शहराने तुरुंगातून सुटल्यावर जयजयकार केला, त्याच शहराने हे केले. आगरकरांची लेखणी जयजयकाराने सैल झाली नव्हती. प्रेतयात्रेनेही डगमगली नाही.

डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या कामातही त्यांनी स्वतःस झिजविले. वामन शिवराम आपटे यांच्या निधनानंतर १८९२ मध्ये ते फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले. दम्याने शरीर पोखरले होते, मिळकत बेताची होती, पण अध्यापन आणि ‘सुधारक’ दोन्ही चालू राहिले. १७ जून १८९५ रोजी, वयाची एकोणचाळीस वर्षे पुरी होण्याच्या आतच, त्यांची प्राणज्योत मालवली. अंत्यविधीचा भार कोणावर पडू नये म्हणून त्यापुरते पैसे त्यांनी पुरचुंडीत बांधून ठेवले होते, असे सांगतात. ‘केसरी’तील मृत्युलेख टिळकांनी लिहिला. आयुष्यभर वाद घातलेल्या मित्राच्या निधनाने तेही हेलावून गेले.

आगरकरांचे सर्व विचार त्यांच्या वाचकांना पटले असे नाही. पुष्कळांना ते मुळीच पटले नाहीत. परंतु हा मनुष्य जे मानतो तेच लिहितो आणि चुकला तर चुकलो म्हणतो, याविषयी विरोधकांनाही शंका उरली नव्हती. वृत्तपत्रांवरचा उडालेला विश्वास परत कसा येईल याची चर्चा आज ठिकठिकाणी होते. त्याची काही सोपी युक्ती आगरकरांच्या चरित्रात सापडणार नाही. सापडतात त्या दोन जुन्याच गोष्टी : आपल्याला आवडणारा पुरावा दुप्पट तपासावा, आणि आपल्या वाचकाला न आवडणारे सत्य त्याच्यापासून लपवू नये. पहिली गोष्ट त्यांना डोंगरीच्या तुरुंगाने शिकविली. दुसरीची किंमत त्यांनी स्वतः होऊन मोजली.

यात आपला, वाचकांचाही, वाटा आहे. आपल्याला रुचेल तेच छापणाऱ्या पत्राला आपण आश्रय देत राहिलो, तर आगरकरांसारखा संपादक टिकणार कसा? आपल्या ग्रंथालयाच्या मेजावर परस्परविरोधी मतांची पत्रे शंभर वर्षे शेजारी शेजारी पडत आली आहेत. त्यांतले आपले नसलेले पत्रही रोज उचलून वाचावे. या शतसांवत्सरिक वर्षी आगरकरांना वाहावयाची आदरांजली याहून वेगळी असण्याचे कारण नाही.