सुईची वेळ चुकवू नका : बाबासाहेबांची शेवटची आठ वर्षे

डिसेंबर आला की आपली पावले चैत्यभूमीकडे वळतात. रात्रभर प्रवास, सकाळपासून रांग, दुपारी पुस्तकांचे स्टॉल, संध्याकाळी परतीची गाडी. या गर्दीत आपल्याच ओळखीचा एखादा ज्येष्ठ कार्यकर्ता असतो. त्याच्या पिशवीत निळा झेंडा असतो, पाण्याची बाटली असते, पण इन्सुलिन घरी राहिलेले असते. एक दिवस नाही घेतले तर काय बिघडते, असे तो हसून म्हणतो. चळवळीसाठी आजार विसरणे हा त्याला त्याग वाटतो.

ज्या महामानवाला अभिवादन करायला तो निघाला आहे, त्याचे आयुष्य मात्र वेगळे सांगते. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना मधुमेह होता आणि ते इन्सुलिन घेत होते. आयुष्याची अखेरची आठ-नऊ वर्षे त्यांनी या आजारासोबत काढली. संविधान, हिंदू कोड बिल, बुद्ध आणि त्यांचा धम्म हा ग्रंथ आणि नागपूरची धम्मदीक्षा या सर्व गोष्टी याच काळातल्या आहेत. बाबासाहेबांच्या चरित्राची ही बाजू आपण फारशी सांगत नाही. आज ती सांगू या.

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ चा. त्याच वर्षी १४ नोव्हेंबरला कॅनडात फ्रेडरिक बँटिंग यांचा जन्म झाला. पुढे टोरांटोमध्ये बँटिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इन्सुलिन शोधले. ११ जानेवारी १९२२ रोजी एका १४ वर्षांच्या मुलाला ते पहिल्यांदा टोचले गेले. त्याआधी ज्या मुलांना मधुमेह होई, त्यांच्यापुढे उपासमार आणि मृत्यू एवढेच उरत असे. इन्सुलिनचे पेटंट टोरांटो विद्यापीठाला नाममात्र एक-एक डॉलरला देण्यात आले, कारण हे औषध कोणा एकाच्या मालकीचे राहू नये अशी शोधकांची इच्छा होती. त्या काळात तरुण भीमराव लंडनमध्ये अर्थशास्त्र आणि कायद्याच्या अभ्यासात बुडालेले होते. पुढे आपल्यालाही हे औषध लागेल, याची त्यांना कल्पना असणे शक्य नव्हते.

१९३५ साली माता रमाई गेल्या. त्यानंतर जवळपास १३ वर्षे बाबासाहेब एकटे राहिले. रात्र रात्र वाचन, वेळी-अवेळी जेवण, सभा, दौरे आणि राजकारण यांत शरीराकडे लक्ष द्यायला कोणी नव्हते आणि त्यांना स्वतःला सवड नव्हती. ऑगस्ट १९४७ मध्ये मसुदा समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. फेब्रुवारी १९४८ मध्ये संविधानाचा मसुदा सादर झाला. तोपर्यंत प्रकृतीने त्यांना गाठले होते. झोप लागत नव्हती. पाय असह्य दुखत होते. इन्सुलिन सुरू होते.

उपचारासाठी ते मुंबईला येत. तेथे डॉ. मालवणकर यांच्या दवाखान्यात काम करणाऱ्या डॉ. शारदा कबीर यांची ओळख झाली. बाबासाहेबांच्या घरी सतत देखरेख करणारे, पथ्यपाणी सांभाळणारे आणि वैद्यकाची माहिती असणारे माणूस हवे, असा डॉक्टरांचा सल्ला होता. १५ एप्रिल १९४८ रोजी, आपल्या ५७ व्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी, बाबासाहेबांनी दिल्लीत त्यांच्याशी विवाह केला. शारदा कबीर सविता आंबेडकर झाल्या. आपण त्यांना माईसाहेब म्हणून ओळखतो.

त्या काळी इन्सुलिन घेणे किती किचकट होते, हे आजच्या युवकांनी समजून घेतले पाहिजे. पेन नव्हते, एकदा वापरून टाकायच्या बारीक सुया नव्हत्या. सिरिंज काचेची असे. ती आणि सुई पाण्यात उकळून घ्यावी लागे. सुई जाड असे, बोथट झाली की तिला धार लावून पुन्हा वापरत. बोटातून रक्ताचा थेंब काढून साखर पाहणारे यंत्र घरात नव्हते. लघवीचे काही थेंब निळ्या द्रावणात टाकून तापवायचे आणि रंग बघायचा. निळा राहिला तर साखर नाही, हिरवा-पिवळा झाला तर आहे, विटकरी झाला तर फार आहे. एवढ्या अंदाजावर मात्रा ठरवायची आणि जेवणाची वेळ तिच्याशी जुळवायची. ज्या घरात दिवसभर भेटीगाठी आणि रात्रभर लेखन चाले, त्या घरात औषध, इंजेक्शन आणि पथ्याची ही घडी बसवणे म्हणजे रोजची लढाईच होती. माईसाहेबांनी ती लढली.

त्या आधारावर काय उभे राहिले ते पाहा. ४ नोव्हेंबर १९४८ ला बाबासाहेबांनी संविधानाचा मसुदा घटना समितीत चर्चेला मांडला. पुढे वर्षभर एकेका कलमावर ते उत्तरे देत उभे राहिले. २६ नोव्हेंबर १९४९ ला संविधान स्वीकृत झाले. १९५० मध्ये ते श्रीलंकेतील जागतिक बौद्ध परिषदेला गेले.

ऑगस्ट १९५१ मध्ये त्यांनी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहिले. आपल्या प्रकृतीची आपल्याला आणि डॉक्टरांना काळजी वाटते, दीर्घ उपचारासाठी स्वतःला डॉक्टरांच्या हवाली करण्यापूर्वी हिंदू कोड बिल मार्गी लागावे, असा त्या पत्राचा आशय होता. इथे थोडे थांबून विचार करा. भारतातल्या स्त्रियांना वारसा आणि घटस्फोटाचा हक्क मिळावा म्हणून हा माणूस आपला उपचार पुढे ढकलायला तयार होता. बिल रखडले आणि त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. तो त्याग मोठा होता, पण त्याची किंमतही मोठी होती. जी शक्ती त्या खेपांमध्ये खर्च झाली, ती पुन्हा भरून आली नाही.

१९५४ मध्ये जून ते ऑक्टोबर असे कित्येक महिने ते अंथरुणाला खिळले. दृष्टी मंदावली होती. तरी त्याच डिसेंबरमध्ये ते रंगूनच्या बौद्ध परिषदेला गेले आणि परत येऊन २५ डिसेंबरला देहूरोडच्या विहारात बुद्धमूर्तीची स्थापना केली. १९५५ मध्ये भारतीय बौद्ध महासभा स्थापन केली. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखोंच्या साक्षीने माईसाहेबांसह धम्मदीक्षा घेतली, तेव्हा त्यांच्या हातात काठी होती. उभे राहायला आधार लागत होता. नंतर चांदा, मग नोव्हेंबरमध्ये काठमांडू. ५ डिसेंबरच्या रात्री ते आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेवर हात फिरवत होते. ६ डिसेंबरच्या पहाटे दिल्लीच्या २६, अलीपूर रोडवरील निवासस्थानी त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

त्यानंतर माईसाहेबांवर संशय घेतला गेला. मृत्यू नैसर्गिक असल्याचे चौकशीअंती सरकारने संसदेत सांगितले, तरी त्यांना कित्येक वर्षे समाजापासून दूर राहावे लागले. आजाऱ्याची सेवा करणाऱ्याचे श्रम आपल्याला दिसत नाहीत. धम्माचे उपासक म्हणवताना हे लक्षात असू द्या. तथागतांनी स्वतः एका दुर्लक्षित आजारी भिक्खूला अंघोळ घातली होती आणि आजाऱ्याची सेवा ही आपलीच सेवा आहे, अशी शिकवण संघाला दिली होती.

आता आपल्याकडे वळू या. सम्यक स्मृती हे अष्टांगिक मार्गाचे एक अंग. पालीतील सति या शब्दाचा मूळ अर्थच आठवण असा आहे. आपण तिचा अर्थ फक्त ध्यानाला बसण्यापुरता घेतो. पण ज्याला डॉक्टरांनी इन्सुलिन दिले आहे, त्याने ठरल्या वेळी ते आठवणीने घेणे हीसुद्धा स्मृतीच आहे. स्वतःच्या शरीराविषयीची जागरूकता धम्माबाहेरची नाही.

त्यासाठी फार काही लागत नाही. मोबाइलवर गजर लावा. घेतलेल्या प्रत्येक डोसची भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करा, म्हणजे घेतले की नाही असा संभ्रम राहत नाही. सुई दात घासणे किंवा जेवणाचे ताट अशा रोजच्या सवयीशी जोडा. डोस चुकलाच तर पुढच्या वेळी दुप्पट घेऊ नका, डॉक्टरांना विचारा. ४० युनिटच्या बाटलीला ४० ची सिरिंज आणि १०० च्या बाटलीला १०० चीच वापरा, नाही तर मात्रा चुकते. दीक्षाभूमीला किंवा चैत्यभूमीला जाताना इन्सुलिन हातातल्या थंड पिशवीत ठेवा, बर्फाला थेट लावू नका, गाडीत उन्हात सोडू नका. खिशात साखर किंवा ग्लुकोज असू द्या. घाम, थरथर, चक्कर आली तर ते लगेच खा.

वर्षावासात किंवा पौर्णिमेला अष्टशील घेऊन दुपारनंतर न जेवण्याची प्रथा अनेक घरांत आहे. इन्सुलिन घेणाऱ्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करू नये. सुई घेतली आणि जेवण टाळले तर साखर एकदम उतरते आणि जीवावर बेतते. उपवासासाठी मनानेच इन्सुलिन बंद करणेही तितकेच घातक. विनयात आजारी भिक्खूंसाठी औषधाची मुभा आहे, मग आपणच अट्टहास का करावा?

युवक-युवतींनो, तुमच्या शाखेत, तुमच्या विहारात इन्सुलिन घेणारे कोण आहेत ते माहीत करून घ्या. सभा लांबली तर त्यांच्या जेवणाची वेळ पाळा. मंडपाच्या मागे जाऊन चोरून सुई घ्यायची वेळ त्यांच्यावर येऊ देऊ नका. आपल्या घरातल्या बाबांना, मावशीला, आत्याला रोज एकदा विचारा, इंजेक्शन घेतले का?

काचेची सिरिंज उकळायच्या दिवसांत, दुखऱ्या पायांनी आणि मंदावल्या डोळ्यांनी बाबासाहेबांनी आपल्याला संविधान आणि धम्म दिला. आज आपल्याकडे बारीक सुई आहे आणि गजर आहे. चळवळीला तुमचा एका दिवसाचा त्याग नको, तुमची पुढची वीस वर्षे हवी आहेत. म्हणून यंदा सहा डिसेंबरला निघताना पिशवी पुन्हा एकदा तपासा.

जय भीम! नमो बुद्धाय!