विश्लेषण : बाधा सैतानाची की मनाची? गोव्याच्या आबे फारियांनी दोनशे वर्षांपूर्वी काय उत्तर दिले?

पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी एक पुतळा आहे. हात पुढे पसरून उभा असलेला पाद्री आणि त्याच्यासमोर कोसळत चाललेली स्त्री. मालवण-वेंगुर्ल्याहून पहिल्यांदाच पणजीला गेलेल्याला पाद्री भूत उतरवतोय असेच वाटेल. प्रत्यक्षात हा पुतळा आहे आबे फारिया यांचा. असल्या प्रकारांत सैतानाचा हात नसतो, हे सांगण्यासाठी या धर्मगुरूने आपली प्रतिष्ठा पणाला लावली होती.

कोण होते फारिया?

जोझे कुस्तोदियो द फारिया यांचा जन्म मे १७५६ मध्ये बार्देशातील कांदोळी येथे झाला. वडिलांचे गाव कोलवाळ. आईवडील चर्चच्या परवानगीने विभक्त झाले. वडील पाद्री झाले, आई जुन्या गोव्यातील मठात जोगीण झाली. १७७१ मध्ये वडील मुलाला घेऊन लिस्बनला गेले. पुढे रोममध्ये शिकून जोझे १७८० मध्ये धर्मगुरू झाले.

लिस्बनच्या राजदरबारी प्रवचन देताना त्यांची बोबडी वळली. तेव्हा वडिलांनी हळूच कोकणीत, समोरची माणसे म्हणजे नुसती भाजी आहे असे समज, असे सुचवले आणि भीती पळाली, अशी आख्यायिका आहे. १७८७ मध्ये गोव्यात पिंटोंचा उठाव फसला. संशयाची सुई पितापुत्रांकडेही वळली. १७८८ मध्ये जोझे फ्रान्सला गेले.

तेव्हा युरोपात वाद काय होता?

१७७४-७५ च्या सुमारास योहान गासनर नावाचे कॅथलिक पाद्री जर्मन प्रदेशात ख्रिस्ताच्या नावाने सैतानाला आज्ञा करून आजार घालवत. गर्दी उसळत असे. फ्रान्झ मेस्मर या डॉक्टरने याला वेगळे कारण दिले. शरीरात एक अदृश्य चुंबकीय प्रवाह असतो आणि गासनर नकळत तोच वापरतात, असे त्याचे म्हणणे. गासनर यांच्या जाहीर विधींना पुढे खुद्द रोमनेच आळा घातला. १७८४ मध्ये फ्रान्सच्या राजाने नेमलेल्या समितीने मेस्मरचा प्रवाहही खोडून काढला. बेंजामिन फ्रँकलिन या समितीत होते. पण मग माणसे थरथरतात, झोपतात, बरी होतात ती कशामुळे, हा प्रश्न उरलाच.

फारियांनी काय सांगितले?

१८१३ मध्ये त्यांनी पॅरिसमध्ये जाहीर प्रयोग सुरू केले. समोरच्याला खुर्चीत बसवायचे, मन एकाग्र करायला सांगायचे आणि मग झोपण्याची आज्ञा द्यायची. बहुतेक प्रयोगांत एवढेच पुरे व्हायचे. निष्कर्ष सरळ होता. शक्ती करणाऱ्याच्या हातात नसते. ज्याच्यावर प्रयोग होतो त्याच्याच मनात ती असते. यात ना सैतान, ना चुंबक. आज यालाच सूचनेचा परिणाम म्हणतात. अर्थात त्यांचे सगळेच बरोबर नव्हते. रक्त पातळ असलेल्यांना ही झोप लवकर लागते, हा त्यांचा समज पुढे टिकला नाही.

मग विरोध कोणी केला?

दोन्ही बाजूंनी. प्रवाह मानणारे दुखावले, कारण त्यांची शक्तीच नाकारली गेली. काही धर्मनिष्ठांना हे प्रयोगच सैतानी वाटले. यावर फारियांची भूमिका धर्मगुरूची होती. देवाने घडवलेल्या मनाचा हा स्वाभाविक गुण आहे, त्याचे श्रेय सैतानाला देऊ नये. त्यांनी श्रद्धा सोडली नाही आणि पाद्रीपणही सोडले नाही.

१८१६ मध्ये त्यांची टिंगल करणारे नाटक रंगभूमीवर आले. लोक हसले, वर्ग ओस पडले. अखेरच्या काळात एका मठात धर्मगुरू म्हणून काम करत ते जगले. सप्टेंबर १८१९ मध्ये पॅरिसमध्येच त्यांचे निधन झाले. मनाच्या या झोपेवरचे त्यांचे पुस्तक त्याच वर्षीचे. पुढे अलेक्झांडर द्युमा यांनी ‘द काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो’ कादंबरीतील कैदी पाद्र्याला त्यांचे नाव दिले. फ्रान्समधील नॅन्सी येथील डॉक्टरांनी सूचनेचा सिद्धांत उचलून धरला, तेव्हा फारियांचे महत्त्व जगाला कळले.

आज चर्च काय मानते?

कॅथलिक चर्च सैतानाचे अस्तित्व मानते, पण झटपट निदान मानत नाही. १६१४ च्या रोमन विधिग्रंथातही बाधा झाल्याचे सहजासहजी मानू नका, असा इशारा होता. १९९९ च्या सुधारित विधीनुसार मानसिक आजाराला बाधा समजायचे नाही, वैद्यकीय मत घ्यायचे. बिशपांच्या स्पष्ट परवानगीशिवाय कोणत्याही पाद्र्याला हा विधी करता येत नाही. २००५ मध्ये स्थापन झालेल्या सिंधुदुर्ग धर्मप्रांतालाही हाच नियम लागू आहे. आजाऱ्यासाठी साधी प्रार्थना मात्र कोणीही करू शकतो.

कायद्याचीही बाजू आहे. महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणे, मारहाण करणे हा गुन्हा आहे. धर्म कोणताही असो. घरात कोणी अचानक बरळू लागले, झटके येऊ लागले, तर आधी दवाखाना गाठा. प्रार्थना सोबत चालू ठेवायला हरकत नाही.