बंडाची शिदोरी

वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म ४ नोव्हेंबर १८४५ रोजी पनवेलजवळील शिरढोण या गावी झाला. त्यांचे आजोबा जवळच्याच कर्नाळा किल्ल्याचे किल्लेदार होते. थोडे इंग्रजी शिकून वासुदेव पुण्यास लष्कराच्या हिशेबखात्यात कारकून झाले. फौज चालवायला किती पैसा लागतो, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार?

पुढे आई आजारी असल्याचे कळताच त्यांनी रजा मागितली; पण ती वेळेवर मिळाली नाही. ते घरी पोहोचले, तेव्हा आईने जगाचा निरोप घेतला होता. देशाची संपत्ती परदेशी कशी जाते, हे त्यांनी न्यायमूर्ती रानडे यांच्या व्याख्यानांतून ऐकले होते. अशातच १८७६ साली दक्षिणेत भीषण दुष्काळ पडला. वासुदेव गावोगाव हिंडले. अन्नावाचून तडफडणारी माणसे पाहून त्यांचे मन पेटून उठले. परकी सत्ता उलथून पाडण्याचा त्यांनी निश्चय केला.

निश्चयाला पैशाचे बळ हवे होते. शस्त्रे विकत घ्यावी लागतात. माणसांना रोज भाकरी लागते. वासुदेवांनी प्रथम धनिकांकडे मदत मागितली. सरकारच्या भीतीने कोणी थैली उघडली नाही. मग त्यांनी रामोशी, कोळी, धनगर अशा कष्टकरी लोकांना जवळ केले. दुष्काळाने गांजलेली ही माणसे शूर होती. परंतु त्यांच्याही घरी चूल पेटणे जरुरीचे होते.

१८७९ च्या फेब्रुवारीत पुण्याजवळ लोणीकंद येथे ही मंडळी जमली. लवकरच शिरूरकडील धामारी गावी एका सावकाराच्या घरावर पहिला छापा पडला. हाती आले ते अवघे काही शे रुपये! त्यात फौज कशी उभी राहणार? खर्च भागेना म्हणून नवे छापे घालावे लागत, आणि प्रत्येक छाप्यागणिक पोलिसांचा पाठलाग वाढे. खेड्यांतील गरीब लोक त्यांना आसरा आणि अन्न देत. पण काही साथीदारांचे लक्ष लुटीच्या वाट्याकडेच राही. स्वराज्यासाठी जमवलेला पैसा वाटणीत संपताना पाहून वासुदेव खिन्न होत.

मे महिन्यात त्यांचे सहकारी दौलतराव नाईक यांनी कोकणात उतरून मोठा ऐवज मिळवला. मात्र परत येताना मेजर डॅनियलच्या तुकडीने त्यांना गाठले. त्या चकमकीत दौलतराव पडले.

वासुदेव दक्षिणेकडे श्रीशैलास गेले. तेथून निजामाच्या मुलखात येऊन त्यांनी पगारी रोहिल्यांची नवी फौज जमवण्याचा प्रयत्न केला. तोही पैशावाचून अडला. जुलै १८७९ मध्ये देवर नावडगी या गावी ते आजारी अवस्थेत निजले असता पकडले गेले. त्यांनी स्वतः लिहिलेली हकीकतच खटल्यात त्यांच्याविरुद्ध पुरावा ठरली. सार्वजनिक काकांनी त्यांचे वकीलपत्र घेतले, तरीही जन्मठेप टळली नाही.

त्यांना समुद्रापार एडनच्या तुरुंगात ठेवण्यात आले. तेथेही कोठडीचे दार बिजागऱ्यांतून उखडून ते निसटले. पण अनोळखी मुलखात त्यांना लपवणारे कोण होते? ते पुन्हा पकडले गेले. १७ फेब्रुवारी १८८३ रोजी तेथेच त्यांचा अंत झाला.

वासुदेवांचे बंड अवघे पाच महिने टिकले. त्यांच्या धैर्यात उणेपणा नव्हता. परंतु ज्या कार्यामागे सारा समाज आपली शिदोरी घेऊन उभा राहत नाही, ते कार्य एकट्याच्या शौर्यावर किती दिवस चालणार?